पुसून टाकण्याच्या बाजूने

ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती पुसणं हे प्रोग्रामरचं काम नाही, असं मी बरीच वर्षं मानत होते. माहिती जपायची, ती हरवू द्यायची नाही, नेटवर्क गेलं तरी ती हाताशी ठेवायची, एवढं आमचं काम. पुसायचं असेल तर वापरणारा पुसेल, नाहीतर जागा कमी पडली की फोनच कधीतरी पुसेल. आज माझं मत याच्या उलट आहे. लोकांच्या फोनमध्ये डेटाबेस तयार करणाऱ्या प्रत्येक अ‍ॅप्लिकेशननं तो वेळेवर, पूर्णपणे आणि सांगून पुसलाही पाहिजे. ही सोय नसेल तर ते अ‍ॅप्लिकेशन अर्धवट आहे. हे मत कसं बदलत गेलं, आणि जुन्या मतातलं काय मला अजूनही पटतं, ते मोकळेपणानं सांगावंसं वाटतं.

मी बेळगावात सहकारी सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. त्यातलं माझं मुख्य काम पिग्मीचं. आमच्या भागात पिग्मी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. एजंट रोज दुकानात किंवा घरी येतो, पन्नास-शंभर रुपये घेतो, नोंद करतो आणि पुढच्या दुकानाकडे वळतो. या पद्धतीचं मूळ उडुपीचं. तिथं १९२५ साली सुरू झालेल्या आणि पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेनं १९२८ मध्ये घरोघर जाऊन दोन-दोन आणे गोळा करणारी पिग्मी ठेव योजना काढली. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हे नाव बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या बाजारपेठांत पक्कं रुजलेलं आहे. भाजीवाली, पानपट्टीवाला, शिंपी, कासार, चहाच्या गाड्यावरचा पोरगा, ज्यांना महिन्याच्या शेवटी एकरकमी काही बाजूला टाकता येत नाही, त्यांची खरी बचत इथंच होते.

पूर्वी एजंटकडे कार्ड आणि पावतीपुस्तक असे. मग हातात धरायची छोटी मशिनं आली, आणि आता फोन. फोनवर चालणारी ही नोंदणी आम्ही ब्राउझरमध्ये चालवतो. त्यासाठी काही डाउनलोड करावं लागत नाही, दुवा उघडला की काम सुरू, आणि बदल केला की तो सगळ्यांना त्याच दिवशी मिळतो. अडचण एकच, नेटवर्क. खडेबाजारातल्या तळघरातल्या दुकानात सिग्नल जातो. खानापूर तालुक्यात जांबोटी, कणकुंबीच्या रानात तर तो येतो कधी याचीच वाट पाहावी लागते. म्हणून एजंटच्या ग्राहकांची यादी, त्यांचे खातेक्रमांक, शिल्लक आणि दिवसभराच्या नोंदी फोनच्या ब्राउझरमध्येच एका डेटाबेसमध्ये ठेवायच्या आणि नेटवर्क आलं की सर्व्हरकडे पाठवायच्या, अशी रचना लागते. ही रचना मला तेव्हा फार आवडायची आणि आजही आवडते. नेटवर्क नाही म्हणून माणसाचं काम अडू नये, ही तिच्यामागची भावना खरी आहे.

जपण्याचा आग्रह माझ्यात कुठून आला, तेही मला ठाऊक आहे. सीमाभागात कागद टाकून देत नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला आणि त्यात निपाणी महाराष्ट्रात जावी, बेळगाव मात्र म्हैसूरमध्येच राहावं, अशी शिफारस होती. ती अमलात आली नाही. २००४ मध्ये महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. या सगळ्या काळात घराघरांत मराठीतले जुने उतारे, शाळेचे दाखले, खरेदीखतं, आजोबांच्या वेळची रेशनकार्डं पत्र्याच्या पेटीत जपली गेली. कधी कोण काय मागेल सांगता येत नाही, हे ऐकत वाढलेल्या मुलीला डिलीटचं बटण नकोसंच वाटणार.

निपाणीनं तर नोंदीची किंमत आणखी एका बाजूनं शिकवली. तिथल्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या बायकांनी संघटना बांधली. १९८२ मध्ये युगांतर या फिल्म गटानं त्यांच्यावर 'तंबाकू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. त्या बायकांच्या आणि घरबसल्या विड्या वळणाऱ्यांच्या लढ्याकडे पाहताना मला नेहमी एक गोष्ट जाणवत आली. जिचं नाव कुठल्याच रजिस्टरात नाही, तिला मजुरी, रजा, भविष्यनिर्वाह निधी मागण्याआधी ती कामाला होती इथपासूनच सिद्ध करावं लागतं. नोंद गेली की हक्क जातो. मग नोंद पुसणारं बटण मी कशाला लिहू?

हा विचार चुकीचा नाही, आणि म्हणूनच तो मनातून लवकर गेला नाही. तो हलायला लागला तो माझ्याच कामाचे नियम नीट वाचताना.

ब्राउझरमध्ये डेटाबेस ठेवण्याच्या दोन पद्धती माझ्या पिढीनं पाहिल्या. पहिली वेब एसक्यूएल. तिच्या अधिकृत दस्तऐवजात एक वाक्य आहे, ज्यावरून माझी नजर कित्येकदा नुसती फिरून गेली होती. एखाद्या संकेतस्थळाचे कोणकोणते डेटाबेस आहेत त्यांची यादी मिळवण्याची किंवा ते पुसण्याची कोणतीही सोय या पद्धतीत नाही, असं तिथं सरळ लिहिलं आहे. आतली टेबलं काढता येत, पण डेटाबेस कायम. म्हणजे अ‍ॅप्लिकेशननं एकदा डेटाबेस तयार केला की तो नाहीसा करणं त्या अ‍ॅप्लिकेशनच्या हातात राहत नसे. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीनं १८ नोव्हेंबर २०१० रोजी या पद्धतीवरचं काम थांबवलं. कारण वेगळं होतं. ती राबवणारे सगळे ब्राउझर आतून एसक्यूलाइट या एकाच डेटाबेस इंजिनवर उभे होते, आणि मानक ठरायला हव्यात त्या स्वतंत्र अंमलबजावण्या नव्हत्याच. तरीही ती क्रोममध्ये बरीच वर्षं चालत राहिली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस आलेल्या ११९ व्या आवृत्तीपासून निघू लागली.

हे वाचताना मला प्रश्न पडला, की इतक्या हुशार माणसांनी लिहिलेल्या रचनेत तयार करण्याची, वाचण्याची, बदलण्याची वाट आहे आणि नाहीसं करण्याची नाही, हे कुणाला खटकलं कसं नाही? उत्तर मला माझ्यातच सापडलं. मलाही ते खटकलं नव्हतं. आमच्या धंद्यात साठवणं हे कौशल्य समजलं जातं. पुसणं ही साफसफाई, आणि ती मागून कुणीतरी करायची.

दुसरी पद्धत इंडेक्स्ड-डीबी. ओरॅकलमधल्या निकुंज मेहता यांनी २००९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून ती पुढे आली आणि जानेवारी २०१५ मध्ये तिला मानकाचा दर्जा मिळाला. आज ब्राउझरमधला डेटाबेस म्हटलं की हीच. हिच्यात पुसण्याची आज्ञा आहे, डिलीट-डेटाबेस. डेटाबेसचं नाव द्यायचं, की तो गेला. वरून इतकं सोपं दिसणारं हे काम आतून किती नाजूक आहे, ते मला उशिरा उमगलं.

समजा एजंटनं तेच अ‍ॅप्लिकेशन दोन टॅबमध्ये उघडलं आहे आणि एका टॅबमधून तो बाहेर पडतोय. पुसण्याची आज्ञा आली की ब्राउझर दुसऱ्या टॅबला आधी व्हर्जन-चेंज हा निरोप देतो, म्हणजे तुझं डेटाबेसशी असलेलं कनेक्शन बंद कर. त्या टॅबनं ते बंद केलं तर काम पुढे सरकतं. नाही केलं, तर पुसू पाहणाऱ्याला ब्लॉक्ड असा इशारा मिळतो आणि पुसणं थांबून राहतं. हे दोन निरोप ऐकण्याची सोय प्रोग्रामरनं लिहिलीच नसेल, तर पडद्यावर 'आपण बाहेर पडला आहात' असं पान दिसतं आणि ग्राहकांची यादी मागे जशीच्या तशी असते.

दुसरी गोष्ट आणखी फसवी आहे. अस्तित्वात नसलेला डेटाबेस पुसायला सांगितला तरी ही आज्ञा तक्रार करत नाही, काम यशस्वी झालं असंच सांगते. म्हणजे नावातलं एक अक्षर इकडेतिकडे झालं, लहान लिपीतलं मोठ्या लिपीत गेलं, तरी उत्तर येणार की झालं. कोणते डेटाबेस खरोखर शिल्लक आहेत ते पाहण्याची सोय नंतर आली, आणि फायरफॉक्समध्ये तर ती २०२४ मध्ये पोहोचली. तोवर 'झालं' या उत्तरावर विश्वास ठेवण्यापलीकडे सगळ्या ब्राउझरांत चालेल असा उपाय नव्हता.

तिसरी गोष्ट लॉगआउटची. बहुतेकांना वाटतं, लॉगआउट केलं म्हणजे आपलं सगळं गेलं. पण लॉगआउटनं सर्व्हरशी असलेली ओळख तुटते, इतकंच. ब्राउझरमधला डेटाबेस त्या संकेतस्थळाच्या नावावर असतो, माणसाच्या नावावर नसतो. एकाच फोनवर सकाळी एक एजंट आणि संध्याकाळी दुसरा काम करत असेल, आणि अ‍ॅप्लिकेशननं वेगळी काळजी घेतली नसेल, तर पहिल्याची यादी दुसऱ्याच्या हाताखाली पडून असते. शिवाय डेटाबेस गेला तरी कॅशमध्ये ठेवलेली पानं आणि फोटो, लोकल स्टोरेजमधल्या चिठ्ठ्या वेगळ्या जागी राहतात. त्या वेगळ्या पुसाव्या लागतात, किंवा सर्व्हरनं क्लिअर-साइट-डेटा ही सूचना पाठवून एकदम साफ कराव्या लागतात.

इथवर मत हललं होतं, बदललं नव्हतं. ते बदललं निपाणीत.

तिथल्या बाजारात बांगड्यांचं छोटं दुकान चालवणाऱ्या एका बाईंशी बोलत होते. सोसायटीनं एजंट बदलला होता आणि नवीन फोनवरची पावती लोकांना कळते का, एवढंच मला पाहायचं होतं. त्यांनी पावतीबद्दल काहीच विचारलं नाही. गिऱ्हाईक गेल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, जुन्या एजंटच्या मोबाइलात माझं नाव अजून हाय काय? आणि शिल्लक पण दिसतीया काय त्याला?" मी म्हटलं, असेल कदाचित, पण तो आता नोंद करू शकणार नाही. त्यावर त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरी या पिग्मीची कुणाला माहिती नाही. मुलीच्या शिक्षणासाठी त्या रोजच्या गल्ल्यातून काही बाजूला टाकतात, आणि जुना एजंट त्यांच्याच गल्लीत राहतो.

त्या बाईंना डेटाबेस हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला होता जो मी कधी स्वतःला विचारला नव्हता. माहिती सुरक्षित आहे का, हे मी नेहमी विचारत होते. माहिती कुणाकडे, कशासाठी आणि किती दिवस आहे, हे विचारत नव्हते. बाहेरचा कुणी चोर येईल म्हणून मी पासवर्ड आणि कुलूपबंद जोडण्या लिहिल्या. पण ज्याला ती यादी कामासाठी दिली होती, त्याचं काम संपल्यावर ती त्याच्याकडे राहू नये, हीही सुरक्षाच आहे. या बाईंना भीती कुठल्या हॅकरची नव्हती. ओळखीच्या माणसाची होती.

त्या दिवसापासून पत्र्याच्या पेटीबद्दलचं माझं म्हणणं मी नव्यानं तपासलं. आपला कागद आपल्या पेटीत असणं ही जपणूक. पण आपल्या कागदाची नक्कल गल्लीतल्या दहा घरांच्या पेट्यांत पडून राहिली, तर तिला जपणूक कोण म्हणेल? सीमाभागातल्या माणसानं कागद सांभाळला तो स्वतःच्या ताब्यात होता म्हणून. त्याचं बळ त्या ताब्यात होतं. एजंटच्या फोनमध्ये उरलेल्या यादीवर त्या बांगडीवाल्या बाईंचा कसलाच ताबा नव्हता. त्यांना ती पाहता येत नव्हती, दुरुस्त करता येत नव्हती आणि मागेही घेता येत नव्हती.

माझ्या नव्या मताला सगळ्यांत मजबूत विरोध केला तो एका सोसायटीत हयात घालवलेल्या हिशेबनीस काकांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "बाळा, वहीत खोडाखोड चालत नाही. चुकलं तर उलटी नोंद टाकायची, पण लिहिलेलं पुसायचं नाही. पुसलेल्या जागेतूनच संशय सुरू होतो." काकांचं हे म्हणणं मी आजही शिरोधार्य मानते. ग्राहक म्हणतो पैसे दिले, एजंट म्हणतो दिले नाहीत, तेव्हा नोंदच माणसाला वाचवते.

पण काकांशी बोलतानाच माझ्या मनात एक फरक स्पष्ट झाला. वही सोसायटीत आहे. तिचं ऑडिट होतं, तिच्यासाठी कायदे आहेत. आमच्याकडच्या कितीतरी सोसायट्या कर्नाटकाच्या १९९७ च्या सौहार्द कायद्याखाली किंवा, सभासद दोन्ही राज्यांत असतील तर, २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेल्या आहेत आणि त्यांना हिशेब ठेवावेच लागतात. ग्राहकाच्या हातात पासबुक आणि पावती आहे. या दोन नोंदींना हात लावायचा प्रश्नच नाही. फोनमधला डेटाबेस या दोहोंपैकी कुठलाच नाही. नेटवर्क नसताना काम चालावं म्हणून काढलेली ती तात्पुरती नक्कल आहे. नोंद सर्व्हरवर पोहोचली, पोहोच मिळाली, की तिचं काम संपलं. काकांना हे पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही. पण "आधी पोहोच, मग पुसणं" हा क्रम त्यांच्याच आग्रहामुळे माझ्या कामात आला, आणि तो मला आता सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

पूर्वी मला आणखी एक आधार वाटे. आपण नाही पुसलं तरी ब्राउझर कधीतरी पुसेलच. तेही तपासून पाहिलं. फोनमधली जागा संपत आली की ब्राउझर बरेच दिवस न वापरलेल्या संकेतस्थळांचा साठा आधी काढून टाकतो. सफारीनं मार्च २०२० पासून असा नियम केला, की सफारीच्या वापराचे सात दिवस एखाद्या संकेतस्थळाशी वापरणाऱ्याचा काही संबंध आला नाही तर त्याच्या स्क्रिप्टनं लिहिलेला साठा जातो. होम स्क्रीनवर घेतलेल्या अ‍ॅप्लिकेशनना त्यातून सूट आहे. हे पुसणं माणसाच्या गरजेवर चालत नाही. ते जागेवर आणि दिवसांवर चालतं. गावच्या जत्रेसाठी आठवडाभर सुट्टीवर गेलेल्या एजंटची न पाठवलेली नोंद त्यात जाऊ शकते, आणि नोकरी सोडूनही रोज फोन उघडून पाहणाऱ्याच्या हातातली यादी वर्षभर टिकू शकते. जे राहायला हवं ते जातं आणि जे जायला हवं ते राहतं, अशी ही व्यवस्था. साठा सहज काढू नये म्हणून ब्राउझरकडे परवानगी मागता येते, आणि न पाठवलेल्या नोंदींसाठी ती मी अजूनही मागते. पण कायमची परवानगी मागणाऱ्यानं काम संपल्यावर स्वतः पुसण्याची जबाबदारीही घ्यायला हवी.

हा प्रश्न फक्त पिग्मीचा नाही. जुलै २०२३ मध्ये कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेची नोंदणी सुरू झाली तेव्हा ग्राम वन केंद्रांसमोर बायकांच्या रांगा लागल्या होत्या. अशा वेळी कागदाची प्रत काढायला कितीतरी जण जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर आपलं व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडतात. तेही संदेश ब्राउझरच्या याच प्रकारच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. नुसती खिडकी बंद केली तर जोडणी तशीच राहते आणि पुढचं गिऱ्हाईक ते उघडू शकतं. तिथून लॉगआउट करणं, किंवा घरी येऊन फोनमधल्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीतून तो संगणक काढून टाकणं, हे प्रत्येक आईला, आजीला कुणीतरी शिकवायला हवं. मोबाइल रिचार्ज कसा करायचा हे आपण त्यांना शिकवलंच की.

कायदाही आता याच दिशेला आला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होते आहे. त्या कायद्याच्या आठव्या कलमात म्हटलं आहे की संमती मागे घेतली गेली किंवा माहिती घेण्याचा हेतू संपला, तर दुसऱ्या कायद्यानं ती ठेवणं बंधनकारक नसल्यास ती पुसावी, आणि ज्याच्याकडे ती कामासाठी सोपवली होती त्यालाही पुसायला लावावी. सोसायटीची वही दुसऱ्या कायद्यानं राहते. फोनमधली नक्कल मात्र राहण्याचं कारण उरत नाही. हिशेबनीस काका आणि दिल्लीचा कायदा इथं एकमेकांच्या विरोधात जात नाहीत, हे पाहून मला खरंच समाधान वाटलं.

त्याच कायद्यात सीमाभागासाठी मोलाची आणखी एक तरतूद आहे. संमती मागताना ती स्पष्ट आणि साध्या भाषेत मागायची, आणि इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा निवडण्याची सोय द्यायची. त्या अनुसूचीत कन्नड आहे, मराठी आहे, उर्दू आहे. निपाणीच्या एकाच गल्लीत या तिन्ही भाषा बोलणारी माणसं राहतात. पुसण्याचं बटण आतल्या सेटिंगमध्ये इंग्रजीत दडवून ठेवलं तर ते असून नसल्यासारखं. म्हणून आता मी ते पहिल्या पानावर, एजंटच्या भाषेत ठेवते, आणि पुसल्यानंतरचा निरोपही पूर्ण वाक्यात देते: आजच्या सगळ्या नोंदी सोसायटीत पोहोचल्या. या फोनमध्ये आता कोणत्याही ग्राहकाची माहिती नाही.

हे वाक्य लिहिण्याआधी ते खरं आहे याची खात्री करावी लागते, आणि तिथं मेहनत आहे. दिवस बंद करताना आधी नव्या नोंदी थांबवायच्या. न पाठवलेलं सगळं पाठवायचं. सर्व्हरची पोहोच आली की उघडी कनेक्शनं बंद करायची, दुसऱ्या टॅबनाही बंद करायला लावायचं. मग डेटाबेस पुसायचा, कॅश पुसायची, आणि शेवटी काय शिल्लक आहे याची यादी मागवून ती रिकामी आहे हे पाहायचं. एकही नोंद पाठवायची उरली असेल तर पुसायचं नाही आणि तसं एजंटला स्पष्ट सांगायचं. त्याच्या नकळत काही नाहीसं करायचं नाही.

पुसलं म्हणजे डिस्कवरून अक्षरन् अक्षर त्याच क्षणी गेलं, असंही नसतं. क्रोमनं वर्षानुवर्षं इंडेक्स्ड-डीबीसाठी वापरलेल्या लेव्हल-डीबीत नोंद काढली की आधी ती काढल्याची खूण लिहिली जाते. मूळ अक्षरं फाइलची फेरमांडणी होईपर्यंत मागे राहू शकतात. म्हणून नावं आणि शिल्लक मी आता कूटबद्ध करून ठेवते. किल्ली सकाळी नेटवर्कमध्ये असताना सर्व्हरकडून येते आणि फोनमध्ये लिहून ठेवली जात नाही. किल्ली गेली की मागे उरलेली अक्षरं वाचता येत नाहीत. आणि याहूनही सोपा उपाय म्हणजे मुळात कमी साठवणं. एजंटला पैसे घ्यायला ग्राहकाची एकूण शिल्लक कशाला लागते? नाव, खातेक्रमांक आणि आजची रक्कम पुरते. शिल्लक ग्राहकाला पासबुकात आणि एसएमएसमध्ये दिसते, तिथं ती त्याच्या ताब्यात असते.

या बदलाची किंमत आहे, ती लपवणार नाही. एजंटना सकाळी यादी नव्यानं उतरवून घ्यावी लागते, आणि ज्याच्या गावात पहाटे नेटवर्क नाही त्याला त्यासाठी बसस्टँडपर्यंत यावं लागतं. दिवस बंद करायला संध्याकाळी वेळ जातो. काही जण माझ्यावर नाराज आहेत आणि त्यांची नाराजी रास्त आहे. कणकुंबीसारख्या ठिकाणी जाणाऱ्यांसाठी यादी एका दिवसाऐवजी काही दिवस ठेवावी का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. पण ती कायमची ठेवावी, असं मात्र आता मी कुणालाच सांगू शकत नाही.

सोसायट्यांचे संचालक सॉफ्टवेअर घेताना आम्हाला किंमत विचारतात, रिपोर्ट कसे निघतात ते विचारतात, नेट नसताना चालतं का हेही विचारतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, की आणखी एक प्रश्न विचारा: एजंट काम सोडतो त्या संध्याकाळी त्याच्या फोनमध्ये आमच्या ग्राहकांचं काय उरतं? उत्तर तोंडी घेऊ नका. फोन विमान मोडवर टाकून, अ‍ॅप्लिकेशन उघडून दाखवायला सांगा. ज्याला हे दाखवता येत नाही त्याच्याकडून सॉफ्टवेअर घेऊ नका, मग ते लिहिणारी मी असले तरी.

नोंद जपण्यावर माझा विश्वास आजही तितकाच आहे. आपली नोंद आपल्या हातात आणि सोसायटीच्या वहीत शाबूत राहावी. त्याखेरीज कुठंही ती काम संपल्यावर एक दिवसही जास्त राहू नये, आणि ती गेली हे त्या बांगडीवाल्या बाईंना त्यांच्या भाषेत कळावं. इतक्या दिवसांच्या विचारानंतर माझं मत इथं येऊन ठरलं आहे, आणि यापुढे मी लिहीन ते सॉफ्टवेअर याच मतावर उभं असेल.